दाजींचे बिनब्रेकचे सात दिवस

भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत गप्प बसायला आमच्या दाजींइतका नालायक माणूस सापडायचा नाही. ही त्यांची निंदा नव्हे, हे मी छाती पुढं काढून सांगतोय, कारण असा माणूस नात्यात असायला नशीब लागतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. मूळ गाव वेल्ह्यातलं पासली. पण भातलावणीत त्यांचं मन कधी रमलं नाही. तरुणपणीच डोंगर उतरून ते कापूरहोळला आले आणि हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकून त्यांनी ब्रेकचं गॅरेज काढलं. नुसतं ब्रेकचं. इंजिन बिघडलं तर शेजारी जा, पंक्चर असेल तर समोर जा, दाजींकडे फक्त ब्रेक. बोर्डावर लिहिलेलं, 'सर्व गाड्यांचे ब्रेक व ग्रीसिंग'. "गाडी कोन बी पळवंल, थांबवता आली पायजे," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. ते त्यांनी ट्रकवाल्यांना ऐकवलं, बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवांना ऐकवलं, आणि एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही ऐकवलं. तो बिचारा आपल्या भाषणाबद्दल बोलतायत असं समजून ओशाळला आणि चहा न घेताच पुढच्या गावाला गेला.

मी एसटीत कंडक्टर होतो. भोरहून आमच्या हिर्डोशीवरून वरंध घाटानं महाडला जाणारी गाडी कितीतरी वर्षं माझ्याकडं होती. त्या गाडीत दाजी चढले की ड्रायव्हरचा चेहरा पडायचा. दाजी पुढच्या सीटवर बसायचे आणि घाट सुरू झाला की त्यांचा उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा, जणू तिथंही एक ब्रेक आहे आणि तो एसटीनं खास त्यांच्यासाठी बसवलाय. वळण आलं की पाय, समोरून टेम्पो आला की पाय, म्हैस दिसली की दोन्ही पाय. ड्रायव्हरनं हात जोडून मला सांगितलं की तुमच्या दाजींना शेवटच्या सीटवर बसवा. बसवलं. तर तिथून आवाज यायला लागला, "दुसऱ्या गिअरवर घ्या, दुसऱ्यावर. हिकडं ब्रेक जळाल्याचा वास यायला लागलाय." सगळ्या गाडीनं नाकं वर करून वास घेतला. वास खरोखर येत होता, पण तो एका म्हाताऱ्याच्या पिशवीतल्या सुकटीचा होता. दाजींनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

अक्काच्या लग्नातली गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. वरात निघालेली, जीप फुलांनी सजवलेली, अक्का मुंडावळ्या सांभाळत बसलेली, पुढं बँड. मारुतीच्या देवळापाशी उतार लागला आणि नवरदेवानं कान टवकारले. पुढच्या माणसाला काही कळायच्या आत नवरदेव खाली उतरून पांढऱ्या कपड्यांनिशी जीपखाली शिरला. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव नाचायला उतरला, त्यांनी चाल बदलली. नवरदेव बाहेर आला तेव्हा झब्ब्यावर काळं ग्रीस होतं आणि तोंडावर समाधान. आमची आई म्हणाली, पोरगी जिवाला जपणाऱ्याच्या घरात पडली. अक्का म्हणते, मला तेव्हाच कळलं होतं की ह्या माणसाला आधी चाकं दिसणार आणि मग मी. इतकंच कशाला, एकदा मयताला गेलेले असताना शववाहिनीवाला जोरात निघाला, तर दाजींनी आडवं उभं राहून ती थांबवली आणि शांतपणे विचारलं, "आतल्याला कसली गडबड हाय?" रडणाऱ्या माणसांनीसुद्धा पदराआड तोंड लपवलं.

आता ह्या सगळ्या गमतीत एक जागा दुखरी आहे, तीही सांगायला हवी. दाजींना एकच लेक. माझी भाची. कॉलेजात असताना तिनं भोरला ड्रायव्हिंग क्लास लावला, लायसन काढलं आणि पहिल्यांदा घरची जीप बाहेर काढली. मागं तिच्या मैत्रिणी, शेजारी दाजी. भोरपासून पोरगी चांगली चालवत होती म्हणतात. दाजींचा पाय चालूच होता, तोंडही चालू होतं, ती हसून सोडून देत होती. भाटघरजवळच्या एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि दाजींनी सरळ हँडब्रेक ओढला. जीप रस्त्यात आडवी उभी राहिली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, ट्रॅक्टरवाला जाता जाता दोन शब्द बोलून गेला आणि मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण भाची खाली उतरली, चावी बापाच्या हातात दिली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागून माझीच एसटी येत होती, त्या दिवशी मला पुण्याची गाडी दिली होती. ती चढली, मागच्या सीटवर बसली आणि माझ्याकडं न बघता तिकिटासाठी हात पुढं केला. त्या दिवसानंतर भोर तालुक्यात तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही. बापाशी अबोला वगैरे काही धरला नाही, जेवायला वाढायची, हसायची, सगळं करायची, पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जायची. दाजींनाही ते समजत होतं. पण माफी मागायला लागणारे शब्द त्यांच्या गॅरेजात नव्हते.

आणि मग पोरीनं काय करावं? पुण्यात शिकायला गेली आणि खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकली. आम्हाला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. तर ती तिथून गोव्याला गेली, गोव्याहून परदेशात परीक्षा देऊन आली आणि बघता बघता ग्रीस देशात प्रवाशांना बेटं फिरवणाऱ्या शिडाच्या बोटीची कप्तान झाली. अहो, आमच्या हिर्डोशीच्या भाचीच्या हुकमात गोरे लोक दोर ओढतात. मी हे एसटी स्टँडवर इतक्यांदा सांगितलंय की चहावाला मला बघितल्यावर आधीच "व्हय व्हय" म्हणतो.

यंदा हंगाम संपताना तिनं फोन केला. बोट आठवडाभर मोकळी आहे, तिघं या, तिकिटं मी काढते. अक्का लगेच तयार झाली, मीही. दाजींनी फोन हातात घेतला आणि चौकशी सुरू केली. ती म्हणाली, बाबा, काळजी करू नका, चाक सतत माझ्या हातात असतं. दाजींचा चेहरा पांढरा पडला. फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "पावणं, चाक हातात हाय म्हणती. निखळलं काय वो?" त्यांना समजावलं की बोटीचं स्टेअरिंग म्हणजे चाक. मग त्यांनी मुख्य प्रश्न विचारला, ब्रेक कुठं असतो? ती म्हणाली, बोटीला ब्रेक नसतो. वाऱ्याकडं तोंड केलं की ती थांबते. दाजी खुर्चीवर बसले. ज्या माणसानं अख्खं आयुष्य एका गोष्टीवर काढलं, त्याला लेकीनं अशा वाहनात बोलावलं होतं ज्यात ती गोष्टच नव्हती. एवढ्यावर ती थांबली नाही. म्हणाली, एक अट आहे बाबा, आठवडाभर बोट कशी चालवायची यावर एक शब्द बोलायचा नाही. दाजी "बरं" म्हणाले. नंतर तिनं मला वेगळा फोन केला. म्हणाली, "मामा, मला बेटं दाखवायची नाहीत कोणाला. बाबांनी एकदा माझ्या हातातल्या बोटीत निवांत बसावं, एवढंच पाहिजे." मी बघतो म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती.

कापूरहोळला तर कोणालाच नव्हती. शिवाय तिथं वेगळाच घोटाळा झाला. दाजींनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं की आम्ही ग्रीसला निघालोय. स्पेअरपार्टवाला म्हणाला, ग्रीसला विमानानं कशाला जाताय, माझ्याकडं डबा आहे की. दुसऱ्यानं विचारलं की तिथलं चांगलं असतं का, मग मलाही एक डबा आणा, ट्रॅक्टरला होईल. दाजींनी देश आहे, देश आहे, असं दोनदा सांगितलं. तेव्हा एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "असंल की. तिथंच काडत असतील." निघायच्या दिवशी बोर्डावर कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'मालक ग्रीस आणायला गेले आहेत'. दाजींनी ते पुसलं नाही. मला वाटतं त्यांना ते आवडलं होतं.

विमानात दाजींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. उतरताना त्यांनी दोन्ही पाय पुढच्या सीटला असे लावले की पुढची गोरी बाई उठून उभी राहायला लागली. अथेन्सच्या धक्क्यावर भाची उभी होती, उन्हानं रापलेली, अनवाणी, कमरेला चाकू. अक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दाजींनी बोटीभोवती दोन फेऱ्या मारायचा प्रयत्न केला, एक बाजू पाण्यात होती म्हणून अर्ध्यावर परतले. मग पिशवीतून त्यांनी नारळ आणि लिंबू काढलं. नवी गाडी निघताना चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं, पण इथं चाक वर आणि खाली समुद्र. दाजी लिंबू हातात घेऊन विचारात उभे. शेवटी भाचीनंच ते घेऊन स्वतःच्या टाचेखाली चिरडलं आणि म्हणाली, चला.

बोट निघाली आणि मी आमच्या भाचीचा दुसराच आवाज ऐकला. मामा, तो दोर सोडा. आई, डोकं खाली. बाबा, तिथं बसा. ओरडणं नाही, चिडणं नाही, पण ऐकल्याशिवाय इलाज नाही असा आवाज. दाजी सांगितल्या जागी बसले. तोंड मिटलेलं, पाय चालू. पहिल्या दिवशी एजिना बेटापर्यंत त्यांनी बोटीची फळी इतकी दाबली की संध्याकाळी पोटरीला अक्कानं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी युक्ती काढली. काही खटकलं की ते खोकायचे. साधा खोकला म्हणजे सावकाश, दोन खोकले म्हणजे वळव. भाचीनं मागं न बघता सांगितलं की खोकलापण चालणार नाही. मग ते अभंगाची चाल गुणगुणायला लागले, ती धोका दिसला की चढायची. तीही बंद झाली. मग त्यांना दुसऱ्यांच्या बोटी सापडल्या. अटीत फक्त लेकीची बोट होती. त्यामुळं दिवसभर ऐकत होतो, "त्यो निळ्यावाला बगा, काय चालवतोय. त्याला कुनी लायसन दिलं?" निळ्यावाला आम्हाला हात हलवून नमस्कार करायचा आणि दाजी हसून हात हलवायचे.

हायड्रा नावाच्या बेटावर त्यांचे फार हाल झाले. तिथं गाडीच नाही. स्कूटर नाही, टेम्पो नाही, सामान सगळं गाढवांवर आणि खेचरांवर. दाजी दगडी गल्ल्यांतून एखाद्या नातेवाइकाला शोधल्यासारखे फिरले. शेवटी उतारावर एक म्हातारा लाकडी हातगाडी घेऊन येताना दिसला. दाजी धावले, उलट्या बाजूनं गाडी धरली आणि खालपर्यंत नेली. म्हाताऱ्यानं ग्रीकमध्ये आभार मानले, दाजींनी मराठीत त्याला चाकाखाली घालायला दगड जवळ ठेवायला सांगितलं, आणि दोघं धक्क्यावर बसून बराच वेळ बोलले. कोणाला काय कळलं देव जाणे. पण दाजी परत आले ते खूश होते.

परतीच्या वाटेवर उत्तरेचा वारा सुटला. सकाळी नुसता झोंबत होता, दुपारी लाटांचे शेंडे पांढरे व्हायला लागले आणि बोट एका अंगावर कलंडली. अक्कानं डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. मी, ज्यानं घाटात उभ्यानं तिकिटं फाडली, तो मी बादलीत तोंड घालून पडलो होतो. भाचीला शीड लहान करायचं होतं. वारा वाढला की तसं करतात, आणि ते काम तिनं एव्हाना आमच्यासमोर केलेलंही होतं. पण ह्या वेळी डोलकाठीपाशी दोर अडकला. तिथं जाऊन सोडवायला हवा, आणि ती जाईपर्यंत कोणीतरी चाक धरून बोटीचं तोंड वाऱ्याकडं ठेवायला हवं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बादलीतून वर आलो नाही. मग ती म्हणाली, "बाबा, इकडं या."

दाजी लाटेबरोबर खुरडत गेले. तिनं त्यांचे हात चाकावर ठेवले. म्हणाली, वारा दोन्ही गालांवर सारखा लागला पाहिजे, एका गालावर जास्त लागला तर तिकडं वळवायचं, बस. एवढं सांगून तिनं कमरेचा पट्टा दोराला अडकवला आणि पुढं निघाली. वर शीड असं फडफडत होतं की कानठळ्या बसाव्यात. दाजींना पोहता येत नाही. बोट कशी चालते हे माहीत नाही. पायाखाली दाबायला काही नाही. त्यांची लेक पुढं डोलकाठीला मिठी मारून उभी होती, आणि तोंड जरा जरी फिरलं असतं तरी ते फडफडणारं शीड तिच्या अंगावर आलं असतं. मी डोकं वर करून दाजींकडं बघितलं. डोळे मिटलेले, मान ताठ, वारा गालांनी चाचपत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पुढं बघितलं. पोरगी दोन्ही हातांनी दोर सोडवत होती, आमच्याकडं पाठ करून. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ करूनच.

दोर सुटला, शीड लहान झालं, ती परत आली. चाक घ्यायला हात पुढं केला तर दाजींची बोटं निघेनात, तिनं एकेक सोडवली. मग दाजी माझ्याशेजारी येऊन बसले. हळूच, जणू कोणाचं गुपित सांगतायत अशा आवाजात म्हणाले, "पावणं, तिनं एकदा बी मागं वळून बगितलं न्हाई." मी म्हणालो, व्हय, मी बघत होतो. ते म्हणाले, "माज्या हातात देऊन गेली आन् मागं बगितलं न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. समुद्राचं पाणी उडत होतं, त्यामुळं पुसायची गरज पडली नाही. त्यांना भाटघरचं वळण आठवत होतं हे मला कळत होतं, आणि चाकामागं उभ्या असलेल्या माझ्या भाचीलाही कळत असावं.

दाजी थोड्या वेळानं उठले, चाकापाशी गेले आणि लेकीसमोर उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता अट मोडणार. त्यांनी अट मोडलीच. म्हणाले, "तुज्या हातात लई बरी चालती." मग फळीवर आडवे झाले, टोपी तोंडावर घेतली आणि भर वाऱ्यात, बोट कलंडलेली असताना, घोरायला लागले. अक्कानं डोळे उघडून बघितलं आणि नवऱ्याला काही झालं की काय म्हणून नाकाशी बोट धरलं. काही झालं नव्हतं. पुढचे दोन दिवस दाजी जेवायला आणि देवाला नमस्कार करायला उठले, बाकी झोपून होते. बेटं आली, गेली. निळ्यावाला हात हलवून हलवून कंटाळला.

परतल्यावर टपरीवर माणसं जमली. समुद्र कसा होता, बेटं कशी होती, लोक काय खातात, सगळ्यांना सगळं ऐकायचं होतं. दाजींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सरपंचानं ध्वजवंदनाला उभं राहावं अशा ऐटीत म्हणाले, "म्या काय बगितलं न्हाई. पोरगी चालवत व्हती, मला झोप लागली." ही माणसं दाजींना आयुष्यभर ओळखतात. स्पेअरपार्टवाल्यानं तोंडातला विनोद गिळला आणि त्यांना दुसरा चहा सांगितला.

आता तिकडं हंगाम नाही, पण भाची तिथंच आहे, बोटींची डागडुजी करते. कधी येईल सांगता येत नाही, आणि दाजी विचारतही नाहीत. परवा तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, मामा, बाबा तिकडं सगळ्यांना काय सांगतात? मी टपरीवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, परत एकदा सांगा ना."

मी परत सांगितलं. ह्या वेळी दाजींच्या आवाजात.